मुदखेडहून पाठवलेला सूर्य

पृथ्वी मी आजवर बऱ्याच वस्तूंची केली आहे. पहिली पेरूची होती. त्यातून विणायची सुई आरपार घातली, तो झाला अक्ष. तो जरा कलता धरून पाचवीच्या वर्गाला दिवस-रात्र समजावली आणि आकृती काढायला फळ्याकडे वळलो. परत फिरून बघतो तर उत्तर गोलार्ध कुणीतरी खाल्लेला. दुसरी पृथ्वी मडक्याची. ती टेबलावरून घरंगळली आणि जगाचा शेवट कसा होणार हा प्रश्न त्या वर्गापुरता तरी मिटला.

तिसऱ्या वेळी मी पृथ्वीचा नाद सोडून आकाश करायला घेतलं. घरमालकीण काकूंकडून पिठाची चाळण मागून आणली आणि शाळेच्या मैदानात पालथी घातली. चाळणीच्या बरोबर मध्यावर खाली खडूची खूण. आता चाळणीवर एक टिकली अशा जागी चिकटवायची की तिची सावली त्या खुणेवर पडेल. म्हणजे त्या घटकेला सूर्य त्या टिकलीच्या रोखानं आहे. दर तासाला एक टिकली. संध्याकाळपर्यंत चाळणीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे टिकल्यांची अशी देखणी कमान उमटली की मला स्वतःचाच हेवा वाटला. त्या भरात मी चाळण तशीच काकूंना परत दिली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी काकू दारात आल्या. त्यांच्या तळहातावर एक टिकली होती.

"सर, तुमचा सूर्य आमच्या भाकरीत निघाला."

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की पुढं जे झालं ते वाचताना 'मास्तर असा कसा' असं कुणाला वाटू नये. मास्तर पहिल्यापासून असाच आहे.

मी रेणापूर तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. बायको मुदखेड जंक्शनवर, तिकीट खिडकीच्या आत. लग्न झाल्यापासून आमचा संसार असा दोन जिल्ह्यांत वाटलेला. सुट्टी मिळाली की ती इकडे येते, नाहीतर मी तिकडे जातो. लेक आईजवळ असायची. तिला सांभाळायला सासूबाई होत्या. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, त्या मेहुण्याकडे नांदेडला गेल्या आणि प्रश्न उभा राहिला, की आईची रात्रपाळी असली की पोरीनं घरात एकटं कसं राहायचं. म्हणून वर्षभरासाठी ती माझ्याकडे आली. पाचवीत. म्हणजे माझ्याच वर्गात. घरी मी पप्पा आणि शाळेत सर. हा नियम तिनंच केला आणि माझ्यापेक्षा जास्त कडकपणे पाळला. एकदा वर्गात मी तिला "बाळा" म्हणालो, तर मधल्या सुट्टीत येऊन बजावून गेली, "सर, वर्गात सगळ्यांना सारखं म्हणायचं."

पण आईवाचून तिचं मन लागत नव्हतं. तसं तिनं कधी म्हटलं नाही. नीट जेवायची, अभ्यास करायची, काकूंच्या म्हशीशी गप्पा मारायची. फक्त संध्याकाळी दप्तर भरून ठेवताना त्यात एक फ्रॉकही घालायची, उद्याच कुठंतरी निघायचं असल्यासारखा. मी बघायचो.

यावर तोडगा काढला तो तिच्या आईनं. रात्रपाळी संपली की ती लगेच घरी जाऊन झोपत नसे. चहा घ्यायची आणि फलाटाच्या शेवटच्या टोकाला जाऊन उभी राहायची. तिथून रुळांच्या पलीकडे सूर्य उगवताना दिसतो. तो दिसला की फोन.

"आला बघ. मी बघितला. आता तुझ्याकडं पाठवते."

पोरगी फोन कानाला लावून जिन्यानं स्लॅबवर पळायची. समोर तुरीचं रान, त्याच्या कडेला पाण्याची टाकी. सूर्य अजून नाही. ती थांबायची, आईशी काहीबाही बोलत. आणि मग थोड्या वेळानं टाकीच्या बाजूनं लाल कड वर यायची.

"पोचला!"

"नीट पोचला का? कुठं ठेचाळला नाही ना?"

"नाही. नीट हाय."

मग आई झोपायला आणि पोरगी अंघोळीला. महिनाभर हे चाललं आणि मला एक दिवस दिसलं, की दप्तरात आता फ्रॉक नसतो. आई रोज सकाळी काहीतरी धाडते आणि ते आपल्यापर्यंत पोचतं, एवढ्या एका गोष्टीला धरून ती इथं राहायला शिकली होती.

आणि नेमका तेव्हा माझा धडा आला.

या खेपेला मी पेरू, मडकी, चाळणी सगळं बाजूला सारून अगदी शास्त्रशुद्ध बेत केला होता. वर्गाच्या खिडक्यांना खताची रिकामी पोती लावून अंधार. मधल्या टेबलावर मोठा बल्ब, तो सूर्य. आणि पृथ्वी म्हणजे पोरांचं स्वतःचं डोकं. नाकावर लाल टिकली, ते आपलं गाव. बल्बकडे पाठ करून उभं राहिलं की गावात रात्र. जागच्या जागी हळूहळू फिरलं की पहाट, मग नाकासमोर बल्ब आला की दुपार. सूर्य कुठंच जात नाही, आपणच फिरतो आणि आपल्याला वाटतं की तो निघाला. पृथ्वी कोण होणार म्हटल्यावर सगळे हात वर. मी निःपक्षपातीपणाचा विचार केला आणि मग आपल्याच लेकीला बोलावलं.

ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मुदखेड पण लावा."

मी नकाशा आठवला. मुदखेड आपल्या पूर्वेला. नकाशात पूर्व उजव्या हाताला. मी तिच्यासमोर उभा, म्हणून माझ्या उजव्या हाताला, म्हणजे तिच्या डाव्या गालावर हिरवी टिकली लावली. इथवर सगळं बरोबर होतं, हे मुद्दाम लिहून ठेवतो. कारण पुढं मी तिच्या खांद्यांना धरून तिला फिरवलं.

"बघा रे, आधी उजेड कुठं पडतो."

उजवा गाल उजळला. मग नाक.

"गावात दिवस उगवला सर!"

"अन् मुदखेडात अजून अंधारच हाय!"

पोरं खूश झाली, मी पोरांपेक्षा खूश. पृथ्वीनं मात्र मान वर केली.

"सर, आपल्याकडं आधी येतो?"

"हो. दिसतंय ना सगळ्यांना."

"आणि मुदखेडला नंतर?"

"नंतर."

"बरं," ती म्हणाली. दोन्ही टिकल्या काढून तिनं माझ्या टेबलाच्या कडेला चिकटवल्या आणि जागेवर जाऊन बसली. मला वाटलं, पोरगी शास्त्र समजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला तेव्हा ती अंथरुणातच होती. "आईचा फोन," मी म्हणालो. तिनं गोधडी डोक्यावर ओढली आणि आतून म्हणाली, "तुम्हीच बोला." मला वाटलं थंडी आहे. तिसऱ्या दिवशीही थंडीच वाटली. चौथ्या दिवशी तिनं फोन घेतला, दोन वाक्यं बोलली आणि ठेवला. मी तेव्हा दाढी करत होतो, ऐकलं नाही. दुपारच्या सुट्टीत बायकोचा फोन आला. रात्रपाळीनंतरच्या झोपेतून उठून केलेला.

"अहो, पोरीला काय शिकवलंत?"

"का? काय झालं?"

"मी खोटं बोलते म्हणाली. सूर्य आधी तुमच्याकडं उगवतो म्हणे. सरांनी करून दाखवलं म्हणे."

"अगं, ते प्रात्यक्षिक होतं. बल्ब लावून…"

"बल्ब लावा नाहीतर गॅसबत्ती लावा. मुदखेड पूर्वेला का रेणापूर?"

"मुदखेड."

"मग?"

मी म्हणालो, "घंटा झाली, ठेवतो." सुट्टी नुकतीच सुरू झाली होती.

ती फोन ठेवता ठेवता एकच म्हणाली, "माझ्याकडं पाठवायला दुसरं काय आहे हो?"

संध्याकाळी मी पोरीचं दप्तर सहज उचलून बघितलं. फ्रॉक परत आला होता. ती रडली असती तर मला काहीतरी जमलं असतं; रडणाऱ्या पोरीला पेढा देता येतो. ती नुसती शहाण्यासारखी वागत होती.

तरी माझा हेका असा, की मॉडेल डोळ्यांनी बघितलंय, ते चुकेल कसं? चूक असेल तर नकाशात असेल, रेल्वेत असेल. खात्री करून घ्यावी म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे मीच स्लॅबवर गेलो, माकडटोपी घालून, फोन हातात. बायकोचा आवाज आला तेव्हा मागं गाडीची सूचना चालू होती.

"आला. लाल आहे. तुमच्याकडं?"

समोर तुरीचं रान होतं, टाकी होती, टाकीवर एक कावळा होता. सूर्य नव्हता.

"इथं जरा ढग आहेत."

"डिसेंबरात?"

"थोडेसे."

"बरं," ती म्हणाली. लेक कुणाकडून 'बरं' म्हणायला शिकली ते मला तेव्हा कळलं. आभाळ धुऊन पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं. मग टाकीच्या बाजूनं, अगदी आरामात, सूर्य वर आला.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर पोरगी काकूंच्या म्हशीकडे गेली आणि मी खोलीत पडदा ओढून बल्ब लावला. नाकावर लाल टिकली, डाव्या गालावर हिरवी, आरसा खुर्चीवर टेकवलेला. आणि फिरायला लागलो. नाक आधी, गाल मागून. परत फिरलो. नाक आधी. डोकं गरगरायला लागलं तेव्हा दारात काकू उभ्या दिसल्या.

"काय करायलाव, सर?"

"पृथ्वी."

"हाव का? झाली की चहाला या." आणि गेल्या. या घरात माझ्याविषयी कुणाला कसलंच नवल उरलेलं नाही.

चक्कर उतरावी म्हणून मी उंबऱ्यावर येऊन बसलो. आमचं दार दक्षिणेला आहे. रोज सकाळी मी याच उंबऱ्यावर दाढीला बसतो, आणि रोज डाव्या गालावर ऊन येतं. डावा गाल उन्हात, उजवा सावलीत. म्हणून उजव्या बाजूला नेहमी खुंट राहून जातात आणि बायको सुट्टीला आली की ते दाखवते. मी गालावर हात ठेवला. हाताला हिरवी टिकली लागली.

रोज सकाळी सूर्य माझ्या डाव्या गालावर उगवत होता, आणि वर्गात मी तो उजव्या गालावर उगववत होतो. म्हणजे पश्चिमेला.

मी परत आत गेलो आणि या वेळी उलटा, डावीकडून फिरलो. आधी मुदखेड उजळलं. मग, जरा दमानं, आम्ही.

पृथ्वीला उजवीकडून फिरव असं मला कुणी सांगितलं नव्हतं, तसं कुणी सांगायची गरजच नव्हती. देवाभोवती फिरायचं ते देव उजव्या हाताला ठेवून. आरती संपली की जागच्या जागी गिरकी घ्यायची तीही उजवीकडूनच. लहानपणी मी एकदा चुकून उलटा फिरलो होतो तर वडिलांनी कान धरून सरळ केलं होतं. तेव्हापासून माझे पाय आपोआप उजवीकडे वळतात, आणि त्यांच्याबरोबर मी पृथ्वीही वळवली. किती पोरांच्या पिढ्या मी अशा पश्चिमेला उगववल्या असतील कोण जाणे. त्यातली काही आता लातूरला डॉक्टरकीच्या शिकवणीला आहेत. रोग्याला तपासताना सूर्याचं फारसं काम पडत नाही, एवढाच दिलासा.

घरात लेकीला एकटीला सांगता आलं असतं. पण ती म्हणाली असती, 'तुम्ही आईच्या बाजूनं बोलता.' आईला खोटं ठरवलं होतं ते वर्गात, सरांनी. म्हणजे खरं ठरवायचं तेही तिथंच, आणि सरांनीच.

सकाळी पुन्हा पोती लावली, बल्ब लावला. म्हणालो, "मागच्या वेळी मी पृथ्वी उलटी फिरवली होती. आज सुलटी फिरवू. डावीकडून."

आमच्या वर्गात गुरवांची एक पोरगी आहे. गावच्या महादेवाची पूजाअर्चा त्यांच्या घराकडे, त्यामुळं देवाधर्माचा सगळा कायदा तिच्या तोंडपाठ. ती उभी राहिली.

"सर, डावीकडून म्हणजे उलटी प्रदक्षिणा. पाप लागतंय."

"अगं, ही प्रदक्षिणा नाही, पृथ्वी आहे."

"पृथ्वी सूर्यदेवासमोरच फिरायलीय की."

मागून कुणीतरी म्हणालं, "सरांना लागू दे पाप, चूक सरांची हाय." पृथ्वी कोण होणार विचारलं, तर एक हात वर नाही. माझी लेक शेवटच्या बाकावर खाली मान घालून वहीच्या कोपऱ्याला दुमड घालत बसलेली.

गुरवांची पोरगी अजून उभीच होती. बोटानं हवेत काहीतरी गोल काढत होती. मग म्हणाली, "पर सर, महादेवाला चालतंय."

"काय चालतं?"

"उलटं. पिंडीचं पाणी जिथून भायेर पडतंय ती पन्हळ वलांडायची न्हाई. म्हणून तिथवर जायाचं अन् माघारी उलटं यायाचं. त्येला पाप न्हाई. मी रोज करते."

"मग ही महादेवाची पृथ्वी," मी म्हणालो. "जाण्याचा अर्धा फेरा मागच्या वेळी झाला. आता येण्याचा राहिलाय."

वर्गाला हे पटलं. मला शास्त्रापेक्षा वकिलीच बरी जमली असती असं कधी कधी वाटतं.

तेव्हा शेवटच्या बाकावरून लेक उठली. पुढं आली, टेबलाच्या कडेला चिकटून राहिलेल्या दोन्ही टिकल्या नखानं काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. मी लाल नाकावर लावली, हिरवी डाव्या गालावर. त्यांचा गोंद गेला होता. जरा थुंकी लावावी लागली. ती बल्बकडे पाठ करून उभी राहिली. मी खांद्यांना हात लावणार, तर म्हणाली, "मी फिरते, सर. तुम्ही नका."

ती डावीकडून फिरायला लागली. अगदी हळू. डाव्या कानाची कड उजळली, मग केस, मग गाल.

"मुदखेड!" पोरं म्हणाली. "मुदखेडात उगवला!"

आणि ती तिथंच थांबली. हिरवी टिकली उजेडात, नाक अंधारात.

"फिर की पुढं," मागून कुणीतरी म्हणालं. "गावात रातच हाय अजून."

"थांबा," ती म्हणाली. "आई बघतीय."

कुणी हसलं नाही. बल्बची जराशी घरघर ऐकू येत होती. मी फळा पुसायला वळलो. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

मग ती पुढं फिरली आणि गावातही दिवस उगवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजायच्या आधीच ती स्लॅबवर होती. माझी माकडटोपी तिच्या डोक्यात आणि मी टॉवेल गुंडाळून. फोन आला. आई नेहमीसारखं म्हणाली, "आला बघ. पाठवू का? घेशील का?" आवाजात थोडी भीती होती.

पोरीनं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळली. "पप्पा, सूर्य तर हालत नाही म्हणता तुम्ही. मग आई पाठवती कसा?"

आता इथं मी परत घोटाळा करणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं, की अगं, पाठवणं वगैरे काही नसतं. पण या खेपेला आधी गालावर हात ठेवला, मग बोललो.

"तो तिथंच असतो. आई आधी त्याच्यासमोर येते. मग आपण फिरत फिरत, मघाशी आई जिथं होती तिथं पोचतो."

"आई होती तिथंच?"

"साधारण तिथंच."

"आणि आई?"

"ती तोवर जरा पुढं गेलेली असते."

तिनं यावर विचार केला. टाकीच्या बाजूला आभाळ पिवळं झालं होतं. फोनमधून बायको विचारत होती, "काय झालं? आहात ना?"

मग लाल कड दिसली. पोरीनं फोन कानाला लावला. मी "पोचला"ची वाट बघत होतो. ती म्हणाली, "आई, आम्ही आलो."

पलीकडून गाडीचा आवाज आला. मग आई म्हणाली, "या."